बंद घराचे खांब, वासे आणि खसखशीसारखे दाणे: जुनं लाकूड वाचवायचं कसं?

पडवी (११ मे)

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटीवर फणसाचे चार खांब, तुळया किंजळीच्या, दारं सागवानी. आजी होती तोवर घर रोज उघडं असायचं. ती गेल्याला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून आम्ही फक्त गणपतीला आणि मे महिन्यात जातो. एरवी कुलूप.

या खेपेला आल्या आल्या ओटीवर बसले आणि सहज पश्चिमेकडच्या खांबाच्या तळाला बोट लावलं, तर कपची हातात आली. मग दाभण आणून टोचलं. भिजल्या भाकरीत शिरावं तसं दीड इंच आत गेलं. त्याच खांबाला हातभर वर टोचून पाहिलं तर दाभणाचं टोकही रुतेना.

माजघरात आजीचं कपाट आहे. त्याच्याखाली खसखशीसारखे बारीक, कोरडे, तपकिरी दाणे पडतात. झाडून काढले की चार-आठ दिवसांत पुन्हा तेवढीच ढिगली. मागच्या पडवीत भिंतीवरून वाशांपर्यंत मातीच्या नळ्या चढल्या आहेत आणि दोन वासे ठोकले की भद्द वाजतात.

गेल्या वर्षी एकाला बोलावून औषध मारून घेतलं होतं. त्यानं एकाच पंपाने सगळीकडे तेच फवारलं, पैसे घेतले आणि गेला. सहा महिन्यांत सगळं जसंच्या तसं. आता गावातले लोक सांगतात, खांब काढा, सिमेंटचे घाला, वर लोखंडी पाइप आणि पत्रा टाका. मला ते करायचं नाही. या खांबाला टेकून आजी तांदूळ निवडायची. पण हट्टापायी छप्पर कोणाच्या अंगावर यायला नको, हेही कळतं. पावसाला महिना उरला आहे. कुठून सुरुवात करू?

कौलारू (११ मे)

आधी शाकारणी. बाकी सगळं नंतर. एक कौल सरकलेलं असलं तरी चार महिने त्याच वाशावर धार लागते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कुठलं औषध टिकणार त्याच्यापुढे?

रंधा (११ मे)

ताई, तुम्ही लिहिलंय ते फार नीट पाहून लिहिलंय, त्यामुळे सांगणं सोपं झालं. मी सुतारकामात तीस वर्षं आहे. तुमच्या घरात एक नाही, तीन वेगवेगळे आजार आहेत, आणि त्या माणसाने तिघांनाही एकच गोळी दिली.

मातीच्या नळ्या म्हणजे जमिनीतली वाळवी. तिचं घर लाकडात नसतं, मातीत असतं. लाकूड हे तिचं फक्त जेवणाचं ताट. ती उजेडात आणि कोरड्या हवेत जगत नाही, म्हणून ओलाव्यासाठी मातीचा बोगदा बांधत वर येते. वाशावर कितीही फवारा, खाली जमिनीत हजारो बसलेल्या आहेत. दुसरीकडून नवी नळी चढेल.

खसखशीसारखे दाणे म्हणजे कोरड्या लाकडातली वाळवी. हिला मातीही लागत नाही आणि बाहेरचं पाणीही लागत नाही. कपाटाच्या आतच तिचं सगळं बिऱ्हाड असतं. ते दाणे म्हणजे तिची विष्ठा, बारीक भोकातून बाहेर ढकललेली. भिंग असेल तर बघा, प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतात. किनारपट्टीला ही जास्त.

पीठ पडलं असतं, गव्हाच्या पिठासारखं मऊ, आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असती, तर तो तिसराच किडा, भुंगेऱ्याच्या जातीचा. तो लाकडाच्या सालीकडच्या पांढऱ्या भागातलं पिष्ट खातो. गाभ्याला सहसा हात लावत नाही. तुम्ही पीठ लिहिलेलं नाही, म्हणजे तो नसावा.

आणि खांब. खांबाला किडा लागलेला नाही. तो कुजला आहे. मला एकच सांगा, खांबाखाली तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, आहे का? असेल तर जमिनीच्या वर किती दिसतो?

सातवा मजला (१२ मे)

विषय गावच्या घराचा आहे, पण शहरातल्यांनीही वाचावा असा आहे. आमचा ठाण्यात फ्लॅट आहे. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला, मग सुटला, मग त्याला वाळवी. सातव्या मजल्यावर वाळवी कशी येईल असं आम्हाला वाटायचं. डक्टमधून पाइपांच्या कडेकडेने आली होती. नळाच्या सांध्यातून थेंब-थेंब गळत होतं आणि प्लाय साधा होता. नवीन करताना सुताराने सांगितलं तेव्हा कळलं की ओल्या जागेसाठी आयएस ७१० (भारतीय मानक) छाप असलेला मरीन प्लाय वेगळा असतो. कापलेल्या कडांना मात्र आम्ही काहीच लावलं नव्हतं, पाणी तिथूनच पितो तो.

पडवी (१२ मे)

रंधादादा, तुमचा प्रश्न वाचून मी गावी काकांना फोन केला. तळखडा आहे म्हणे, चांगला वीतभर उंच, काळ्या दगडाचा. पण मला तर कधी दिसला नाही. मग काकाच म्हणाले, "अगे, तो लादयेखाली गेलो." माझ्या लहानपणी ओटीला शेणाची जमीन होती. पुढे बाबांनी लादी बसवून घेतली, खाली भराव आणि सिमेंटचा थर. जमीन वर आली आणि दगड आत गेला. आता खांबाचं लाकूड थेट लादीतून वर आल्यासारखं दिसतं.

रंधा (१२ मे)

सापडलं.

आजोबांच्या सुताराने खांब दगडावर ठेवला होता तो शोभेसाठी नव्हे. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. उभ्या खांबाचं खालचं टोक म्हणजे हजारो बारीक नळ्यांची उघडी तोंडं. काळा दगड पाणी वर चढू देत नाही, म्हणून मध्ये दगड. शेणाची जमीन श्वास घेते, ओली झाली तरी वाळते. लादी आणि सिमेंटने खालची ओल कोंडली. तिला वर यायला एकच वाट उरली, ती तुमच्या खांबातून. पश्चिमेच्या खांबाला वरून झडही लागते, म्हणून तो आधी गेला. बाकीच्या तीन खांबांनाही तळाशी टोचून बघा. मला वाटतं अजून एखादा निघेल.

उपाय असा. शेजारी दोन भक्कम टेकू आणि जॅक लावून वरची तुळई तोलून धरायची, अगदी दोरीभर उचलायची, जास्त नाही. कुजलेला भाग कापायचा, आणि कापताना चांगलं लाकूड लागलं की तिथेच थांबायचं नाही. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते, आणखी फूटभर वर जायचं. मग दोन पर्याय. कुजका भाग थोडा असेल तर तेवढ्या उंचीचा नवा काळा दगड खाली घालायचा, वरच्या बाजूला खांबाची कूस, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, बसेल अशी खाच करून. भाग जास्त असेल तर जुन्या फणसाचा किंवा ऐनाचा, पूर्ण गाभ्याचा तुकडा घेऊन तिरका सांधा करायचा आणि त्याखाली दगड. खांबाभोवतीची लादी चारी बाजूंनी बोटभर कापून मोकळी ठेवायची. ती फट सिमेंटने भरू नका, कितीही वाईट दिसली तरी.

टेकू लावायचं काम कुठल्याही नवशिक्याला देऊ नका. तुळई एकदा सुटली की माणूस जातो.

वनस्पतीवाली (१३ मे)

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून कुजण्याबद्दल थोडं. लाकूड जुनं झालं म्हणून कुजत नाही. ओलं राहिलं म्हणून कुजतं. बुरशीला लाकडात मूळ धरायला साधारण २८ ते ३० टक्के ओल लागते, आणि २० टक्क्यांच्या खाली लाकूड राहिलं तर ती वाढत नाही. ओल मोजायचं दोन पिनांचं छोटं यंत्र मिळतं, लाकडात टोचलं की आकडा दाखवतं. गावच्या घरासाठी ते घेऊन ठेवाच.

तुमचा खांब तुटतो तेव्हा चौकोनी खपल्या पडतात का, करपलेल्या लाकडासारख्या तपकिरी? मग ती सेल्युलोज खाणारी बुरशी. पांढुरकं, दोऱ्यादोऱ्यांचं होऊन सुटत असेल तर ती दुसऱ्या जातीची. उपाय दोघींवर एकच, पाणी तोडायचं.

आणि आजी होती तोवर घर का टिकलं, याचं उत्तर मला चुलीत दिसतं. रोजची ऊब, वर माळ्यावरून कौलांतून निघणारा धूर, उघडी दारं. धुराने वासे काळे पडायचे, कोरडे राहायचे, आणि किड्यांना तो काजळीचा थर नकोसा असायचा. गॅस आला, मग कुलूप आलं. पावसाळ्यात चार महिने बंद घरातली हवा आतल्या लाकडाला वाळूच देत नाही.

पडवी (१३ मे)

चौकोनी खपल्या, तपकिरी. अगदी तसंच. आणि चुलीचं तुम्ही लिहिलंत तेच काका परवा बोलले, "जवसर चूल पेटत होती, तवसर वाशांका काय एक झाला नाय." मी ते म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. चूक झाली.

आगर (१३ मे)

जळकं ऑइल लावा. आम्ही कुंपणाच्या खुंटांना वर्षानुवर्षं लावतो. स्वस्त आणि मस्त.

वनस्पतीवाली (१३ मे)

कुंपणाला कोणी लावत असेल, पण कृपा करून घरात नको. इंजिनातून निघालेल्या तेलात जड धातू आणि जळून तयार झालेली घातक रसायनं असतात. कातडीतून अंगात जातात, पावसाने धुऊन विहिरीकडे जातात, आणि घराच्या वाशांना ज्वलनशील थर बसतो तो वेगळाच. कुंपणालाही मी लावणार नाही.

होडीवाला (१४ मे)

आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत. लाकडात मुरतं, घट्ट होतं, आणि पाणी आणि किडा दोघांनाही अडवतं. पडवीच्या वाशांना, दारांच्या खालच्या कडेला उत्तम. पण हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका. बिब्ब्यासारखं उततं, अंगावर फोड येतात. माझ्या मावसभावाच्या पापण्या सुजून डोळे दोन दिवस मिटले होते, नुसता तेलाचा हात चेहऱ्याला लागला म्हणून. लाकूड उन्हात पूर्ण वाळलेलं असताना, मे महिन्यात, पातळ दोन हात. जाड एक हात दिला तर महिनोन्महिने चिकट राहतं.

रंधा (१४ मे)

होडीवाल्यांना दुजोरा. आत, दारांना आणि कपाटांना बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, चांगलं, पण ते अन्न आहे हे लक्षात ठेवा. दमट जागी नुसतं तेल लावलं की त्याच्यावरच काळी बुरशी येते. आणि बेलतेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापते आणि पेट घेते. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका. माझ्या वर्कशॉपमध्ये एकदा पोत्यातून धूर येताना मी स्वतः पाहिला आहे.

ऑइलपेंटबद्दलही सांगतो, कारण बंद घरांत ही चूक फार होते. ओल्या लाकडावर चकचकीत रंग मारला की ओल आत कोंडते. बाहेरून दार नवं दिसतं आणि आतून शेणासारखं होतं. रंग मारायचाच तर लाकूड वाळल्यावर, आणि दाराची खालची-वरची कड आधी. त्या कडा रंगारी हमखास सोडतात कारण दिसत नाहीत.

सातवा मजला (१४ मे)

सागाला वाळवी लागत नाही ना? नवीन चौकट सागाची करतोय.

रंधा (१४ मे)

सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. पांढऱ्या लाकडाला लागते, साग असला तरी. हल्ली लागवडीचा साग लवकर तोडतात, त्यात पांढरा भाग भरपूर. दुकानात रंग लावून एकसारखा करतात. घेताना टोकाकडून बघा, रंगाचा फरक तिथे लपत नाही. आंबा आणि सावर मात्र चौकटीला कधीच नको, कितीही स्वस्त मिळाली तरी.

गोंयकार (१५ मे)

गोव्यात पेडण्याकडे आमच्या जुन्या घराला माडाचे वासे आहेत, नव्वदी ओलांडलेल्या आमच्या आजोबांच्या आधीचे. लोक म्हणतात माड टिकत नाही. म्हाताऱ्या माडाची बाहेरची काळी, टणक फाळ घेतली तर टिकते. मधला भुसभुशीत भाग ठेवला तर दोन पावसात संपतो. आमच्या वाशांना भुंगे मोठी गोल भोकं पाडायचे, करंगळी जाईल एवढी. ती काळी मधमाशीसारखी जात, लाकूड खात नाही, घर करते. भुंगा बाहेर गेला हे नक्की झाल्यावर भोकात लाकडाची खुंटी ठोकून बंद केलं आणि तेलाचा हात दिला. पुन्हा तिथे आला नाही.

काठी (१५ मे)

बांबूच्या रिपांचं कोणी सांगेल का? आमच्या गोठ्याच्या रिपांतून पिवळी पावडर पडते.

वनस्पतीवाली (१५ मे)

बांबूत पिष्ट भरपूर असतं, म्हणून त्याचा भुंगेरा. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करायची. कोंब फुटायच्या काळात नाही. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे मुरवायची जुनी पद्धत खरी आहे, पिष्ट धुऊन जातं. वाळवीवर मात्र मुरवण्याचा उपयोग नाही.

त्यानंतर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरचं द्रावण. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक. कॅरमवर टाकतो तीच पावडर, फक्त शुद्ध घ्या. बुडवता आलं तर बुडवा, नाहीतर दोन-तीन हात. घरातल्या लाकडाला मला हेच सर्वांत बरं वाटतं. वास नाही, बुरशी आणि किडा दोघांवर चालतं. मर्यादा एकच, पावसाचं पाणी लागलं की धुऊन जातं. म्हणून आतल्या लाकडासाठी. लहान मुलं आणि जनावरं चाटणार नाहीत अशा जागी, आणि धान्याच्या कोठीत नाही.

कोणी हिरवट छटेचं, प्रक्रिया केलेलं लाकूड सुचवेल म्हणून आधीच लिहिते. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकची ती पद्धत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधली आणि जगभर गेली. विजेच्या खांबांना, बाहेरच्या कामांना तिने मोठं काम केलं. पण आर्सेनिकमुळे घरातल्या वापरातून बऱ्याच देशांनी ती काढून टाकली आहे. तसा जुना तुकडा घरात असेल तर चुलीत अजिबात घालू नका.

फवारणी (१६ मे)

मी या कामात आहे. पडवीताई, तुमच्याकडे जो आला त्याच्या वतीने मलाच वाईट वाटतं. जमिनीतल्या वाळवीची रीत आयएस ६३१३ मध्ये लिहिलेली आहे. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या रेषेत ३०० मिलिमीटरवर एक, १२ मिलिमीटरचं भोक, आणि प्रत्येकात १ लिटरपर्यंत औषध, माती पिईल तेवढं. औषध इमिडाक्लोप्रिड नावाचं, ३०.५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्यात २.१ मिली. फक्त भिंतीवर फवारून जो जातो त्याला हे सगळं विचारा, चेहऱ्यावरून कळेल.

एक अट. मागच्या पडवीपासून विहीर किती लांब आहे? जवळ असेल तर त्या बाजूला जमिनीत औषध सोडू नका. तिथे खणून मातीचा आणि लाकडाचा संबंध तोडा, जांभ्याच्या भिंतीला टेकलेली लाकडं-पालापाचोळा हलवा, नळ्या दर आठवड्याला खरवडा. बाकी जिथे औषध सोडायचं आहे तिथे मात्र ते व्हायच्या आधी नळ्या मोडू नका. आम्हाला त्यांच्यावरूनच वाट कळते.

कपाटाला मात्र जमिनीतलं औषध उपयोगाचं नाही. दाणे पडतात ती भोकं शोधा, सिरिंजने तिथून वर सांगितलेलं द्रावण आत सोडा, भोक मेणाने बुजवा, आणि खाली काळा कागद पसरून ठेवा. नवे दाणे पडले तर काळ्यावर लगेच दिसतात.

पडवी (१६ मे)

विहीर पंधरा पावलांवर आहे. त्या बाजूला औषध नाही, ठरलं. बाकीच्या तीन खांबांना आज दाभण लावलं. रंधादादा, तुमचं खरं निघालं, दुसऱ्या खांबातही अर्धा इंच गेलं.

पडवी (२ नोव्हेंबर)

उशिरा लिहितेय, पण पावसाळा बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या गावचे एक जुने सुतार आले. टेकू लावून पश्चिमेचा खांब सव्वा फूट कापला. कापलेला तुकडा माझ्या हातात दिला तेव्हा त्यातून अक्षरशः पाणी निथळलं, बाहेर ऊन भाजत होतं तरी. खाली जुना तळखडा तसाच होता, वर आजोबांच्या सुताराच्या छिन्नीच्या खुणा. त्याच्यावरच दुसरा दगड चढवला. दुसऱ्या खांबाचं नुसतं टोक काढलं. लादी चारी खांबांभोवती कापली, फटी उघड्या ठेवल्या. शाकारणी झाली, मागचे दोन वासे बदलले, ऐनाचे घेतले. नवे वासे आणि दारांच्या खालच्या कडा काजूच्या तेलाने, हातमोजे घालून. पश्चिमेला पूर्वीसारखे चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) झाप बांधले, त्यासाठी काकांनी दोन दिवस दिले.

आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे कुलूप काढलं. वाडीतल्या एका काकींना किल्ली दिली आहे. त्या दर शनिवारी येतात, दारं-खिडक्या उघडतात आणि चुलीत चार काटक्या पेटवून तासभर थांबतात. त्याचे पैसे मी देते, पेस्ट कंट्रोलला दिले त्यापेक्षा कमी होतात.

परवा ओल मोजायचं यंत्र लावलं. पश्चिमेचा खांब तळाशी १८ टक्के, आतले दोन १६. चौथा, गोठ्याकडचा, २३ दाखवतो. तिथे पागोळीचं पाणी लादीवर आपटून उडतं असं काकींनी पाहिलं आहे. कपाटाखालच्या काळ्या कागदावर जुलैत सात दाणे होते, ऑगस्टपासून एकही नाही. कागद काढलेला नाही.

चौथ्या खांबासाठी पागोळीखाली चर खणून दगडगोटे घालावेत की पन्हळ लावावी? रंधादादा, फोटो टाकते आहे.

रंधा (२ नोव्हेंबर)

दोन्ही करा. आधी चर, तो याच आठवड्यात. पन्हळ मेमध्ये लावा, आता लावलीत तर पावसापर्यंत त्यात नारळाचा कचरा भरेल.